सुरगाठ, निरगाठ

गोठ्यात जनावर बांधणाऱ्याला दोन गाठी माहीत असतात. निरगाठ घट्ट बसते, सोडवताना नखं तुटतात. सुरगाठीचं टोक ओढलं की ती सुटते. गोठ्याला आग लागली तर यातली कोणती मारली होती, यावर जनावराचा जीव ठरतो.

माणसाला दोरीने बांधायला शिकवणाऱ्या मोफत ॲपबद्दल विचार करताना मला या दोन गाठी आठवतात. शिबारी किंवा किन्बाकू ही मूळची जपानी कला. दोन प्रौढ माणसांनी राजीखुशीने, जवळिकीचा भाग म्हणून करायची. तिच्यात काही वाईट आहे असं मला वाटत नाही. प्रश्न आहे तो शिकवण्याच्या पद्धतीचा. चित्र, खाली दोन ओळी आणि 'पुढे' असं बटण, ही रचना भरतकामाला किंवा पुरणपोळीला चालते. इथे मात्र दोरीच्या आत एक माणूस असतो.

बांधण्याची विद्या जपानात जुनी आहे. एदो काळात (१६०३–१८६८) कैद्याला दोरीने जखडण्याचं एक शास्त्रच होतं, होजोजुत्सू. कैद्याच्या दर्जाप्रमाणे बांधणी बदले, आणि प्रत्येक घराणं आपली पद्धत गुप्त ठेवी. कैद्याला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. विसाव्या शतकात इतो सेइऊ (१८८२–१९६१) या चित्रकाराने जुन्या शिक्षांचा अभ्यास केला, बांधलेल्या स्त्रियांची चित्रं काढली, फोटो घेतले. आपल्या गरोदर बायकोला उलटं टांगून घेतलेला त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. आज तो पाहताना पहिला प्रश्न मनात येतो तो असा, की तिला नाही म्हणता आलं असतं का?

युद्धानंतर, १९४७ साली 'किटान क्लब' हे मासिक निघालं आणि ही कला हळूहळू कागदावर आली. गुरूच्या हातातली विद्या घराघरात पोचली. पण कागद गाठीचा आकार पोचवतो, शेजारी उभा राहणारा हात पोचवत नाही. दंडात हाडाला लागून एक नस जाते. तिच्यावर दोरीचा दाब पडला तर मनगट लुळं पडतं आणि पूर्ववत व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. चित्रातली दोरी बरोबर जागी आहे की बोटभर सरकली आहे, हे शेजारी उभा असलेला जाणता माणूस सांगतो. फोन सांगत नाही.

मग बंदी घालावी का? मराठी माणसाकडे या प्रश्नाचा अनुभव आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७पासून १९५३मध्ये वारेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून उत्तरं दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. कर्वे खटला हरले, दंड झाला, मासिक थांबलं नाही. झाकून ठेवल्याने प्रश्न संपत नाहीत, हे त्यांनी आयुष्य खर्चून दाखवलं. पण कर्व्यांची आणखी एक गोष्ट आपण विसरतो. उत्तर कोण देतंय, हे सगळ्यांना माहीत होतं. चुकलं तर कोर्टात खेचता येईल असा माणूस त्या उत्तरामागे उभा होता. निनावी मोफत ॲपमागे कोण उभं असतं?

त्याच १९२१ साली, मी जिथे बसून हे लिहितोय त्या तालुक्यात दुसरा एक प्रश्न उभा राहिला. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशी तालुक्यात येतं. इथून पश्चिमेला टाटांच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिलला, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते. सरकारच्या हाती १८९४चा भूसंपादन कायदा होता. पुण्यातले अनेक जमीनमालक आणि सावकार मोबदला घ्यायला तयार झाले. जमीन कसणाऱ्या मावळ्यांचा नकार होता. होकार दिला एकांनी, बुडाले दुसरेच. गावं बुडण्याची तुलना शयनगृहाशी करता येत नाही, हे मला कळतं. पण संमती कुणाची मोजायची, हा प्रश्न मला याच तालुक्याने शिकवला.

ॲप उघडताना 'मी अठरा वर्षांवरील आहे, मला अटी मान्य आहेत' यावर बोट कुणाचं पडतं? फोनच्या मालकाचं, म्हणजे बहुधा बांधणाऱ्याचं. जिच्या किंवा ज्याच्या अंगावर दोरी येणार, ती व्यक्ती आमच्या भाषेत 'युजर' नसतेच. तिचं खातं नाही, तिला बटण नाही. आम्ही प्रोग्रामर संमती एका चौकटीतल्या बरोबरच्या खुणेत नोंदवतो, तीसुद्धा चुकीच्या माणसाकडून.

२०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक चांगलं कलम आहे. संमती जितक्या सहज दिली, साधारण तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. कायदा माहितीपुरता आहे, पण दोरीलाही हे तत्त्व चपखल बसतं. ते मानलं तर ॲपचा पहिला धडा सोडण्याचा असेल. तो खातं न काढता, जाहिरात न बघता उघडेल. बोथट टोकाची कात्री हाताशी आहे का, हे आधी विचारलं जाईल. मुंग्या आल्या, बोटं गार पडली, की थांबायचं, हे दोघांनी वाचल्याशिवाय पान पुढे जाणार नाही. बांधलेल्या माणसाला एकटं सोडायचं नाही, गळ्याभोवती दोरी न्यायची नाही, हे प्रत्येक पानावर असेल. हवेत टांगणं पडद्यावरून शिकवलंच जाणार नाही, त्यासाठी माणूस गाठावा लागेल. आणि सलग सात दिवस सराव केला म्हणून बिल्ला मिळणार नाही.

असं ॲप लोकांना कमी वेळ अडकवून ठेवेल आणि जाहिरातीतून कमी कमावेल. कुणाला काय आवडतं याची माहिती ते गोळा करणार नाही, म्हणजे विकायलाही काही उरणार नाही. मोफत ॲपची निरगाठ आहे ती इथे. ती बांधणारे आम्हीच आहोत, तेव्हा सोडवायची जबाबदारीही आमचीच.