पाहिलं म्हणजे नक्की काय झालं? जाहिरात मोजण्याचा इतिहास

मंडळी, आपण कसबा पेठेत बसलोय, तेव्हा गणपतीच्या मांडवाबाहेरच्या कमानीपासूनच सुरुवात करू. कमानीवर जाहिरात देणारा व्यापारी रस्त्यावरची गर्दी पाहतो. खालून गेलेल्याने मान वर केली का, हे त्याला कळत नाही. वर्तमानपत्रांचंही तेच. १९४८ मध्ये आपल्याकडे ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स स्थापन झाला, तो खप तपासायला. खप म्हणजे विकलेल्या प्रती, वाचलेल्या नव्हेत. अमेरिकेत क्लॉड हॉपकिन्सने कूपनांवर भर दिला. जाहिरातीगणिक कूपनवर वेगळी खूण करायची आणि किती परत आली ते मोजायचं. त्याचं पुस्तक १९२३ चं. माझ्या मते तो आजच्या 'क्लिक'चा आजोबा.

ऑक्टोबर १९९४ मध्ये 'हॉटवायर्ड'वर बॅनर जाहिराती झळकल्या आणि वाटलं, सुटला प्रश्न. दाबलं की नोंद! पण चुकून लागलेलं बोटही नोंदलं जातं, आमच्या वयात जरा जास्तच. आणि न दाबता, नाव लक्षात ठेवून दुकानात आलेला माणूस नोंदीतच नसतो. शिवाय जाहिरात पानाच्या तळाशी राहिली, कुणी तिथवर गेलंच नाही, तरी ती 'दाखवली' म्हणून मोजली जाई. म्हणून पुढे व्याख्या ठरली: जाहिरातीचा निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर हवा, व्हिडिओ असेल तर दोन सेकंद.

आता गंमत बघा. नैयायिक म्हणतात, इंद्रियासमोर वस्तू आली तरी मनाचा त्या इंद्रियाशी संयोग नसेल तर ज्ञान होत नाही. या व्याख्येत मन तर सोडाच, डोळाही नाही. आहे तो फक्त पडदा.

आणि भागाकार? २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याची सरासरी फुगली होती. तीन सेकंदही न थांबलेले लोक भाजकातून वगळले होते. समजा दहा जणांनी मिळून साठ सेकंद पाहिलं, तर सरासरी सहा. पण त्यातले पाच लगेच निघून गेले म्हणून मोजलेच नाहीत, तर तीच बारा होते. जाहिरातदार या बारावर पुढचा खर्च ठरवणार!

तांबट आळीतल्या एखाद्या कारागिराने बंबाची जाहिरात मोबाईलवर दिली, तर एजन्सीच्या अहवालात आधी भाजक शोधावा: भागलं कशाने? आणि गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचं, 'आमचं दुकान कुठून कळलं?' हॉपकिन्सचं कूपनच ते, फक्त बिनछापील.