साधा विवाह : कचेरीतील आणि सेवाग्राममधील

विवाह हा शब्द उच्चारताच मराठी मनापुढे मांडव, वाजंत्री, अंतरपाट, पंगती आणि रुसलेले व्याही अशी सारी आरास उभी राहते. ही आरास एकेक करून दूर सारली तर विवाहाचे म्हणून नेमके काय शिल्लक उरते, हा प्रश्न आपल्या देशात दोन ठिकाणी विचारला गेला : सरकारी कचेरीत आणि आश्रमाच्या अंगणात. वर्धा जिल्ह्याच्या इतिहासात या दोन्ही वाटा एकमेकींच्या बऱ्याच जवळ आलेल्या दिसतात.

कचेरीची वाट आधीची. केशवचंद्र सेन आणि त्यांचे ब्राह्म अनुयायी यांच्या खटपटीतून १८७२ सालचा तिसरा कायदा जन्मास आला. निबंधकाकडे आगाऊ सूचना द्यावी, चौदा दिवस थांबावे आणि तीन साक्षीदारांसमक्ष एकमेकांचा स्वीकार करावा, एवढाच त्याचा विधी होता. परंतु त्यात एक मोठी अडचण होती. वधूवरांना आपण ख्रिस्ती, यहुदी, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख अथवा जैन यांपैकी कोणताही धर्म मानीत नाही, असे लिहून द्यावे लागे. ज्यांना जात ओलांडावयाची होती, पण धर्म टाकावयाचा नव्हता, त्यांच्यापुढे खोटे बोलणे किंवा विवाहाचा विचार सोडणे, एवढेच दोन मार्ग उरत.

ही कोंडी फोडण्याचे श्रेय मध्यप्रांतातील कायदेपंडित सर हरिसिंग गौर यांच्याकडे जाते. त्यांच्या प्रयत्नाने १९२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना धर्म न नाकारता आपापसांत नोंदणीने विवाह करण्याची मोकळीक मिळाली. मात्र या मोकळिकीची किंमत मोजावी लागे. असा विवाह करणारा पुरुष एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे कायदा समजे. त्याला दत्तक घेण्याचा अधिकार राहत नसे. आणि दुसरा मुलगा हयात नसल्यास त्याच्या पित्याला दत्तक घेण्याची मुभा मिळे. जिवंत मुलाच्या जागी दुसरा मुलगा! जातीबाहेर पाऊल टाकणाऱ्याविषयी त्या काळच्या समाजाला काय वाटे, हे या एका कलमावरून पुरेपूर ध्यानात येते.

दुसरी वाट वर्ध्याच्या मंडळींनी प्रथम साबरमतीला पाहिली. वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांच्या घरी लक्ष्मी नांदत होती. तथापि १९२६ साली त्यांनी आपली कन्या कमला हिचा विवाह साबरमतीच्या आश्रमात अत्यंत साधेपणाने केला. लग्नाच्या थाटावरून घराण्याची पत ठरविणाऱ्या व्यापारी समाजात ही गोष्ट लहान नव्हती. पुढे जमनालालजींच्याच आग्रहामुळे गांधीजी वर्ध्याला आले आणि १९३६ साली शेगावी राहावयास गेले. या शेगावालाच पुढे सेवाग्राम हे नाव पडले.

सेवाग्रामच्या विवाहांत खर्च नव्हता. परंतु ते सोपेही नव्हते. बेळगावकडील पत्रकार डॉ. अयि तेंडुलकर आणि इंदुमती गुणाजी यांची हकीकत याची साक्ष देते. तेंडुलकर जर्मनीत अनेक वर्षे राहून परतलेले. त्यांचे पूर्वीचे विवाह इंदुमतीबाईंच्या घरच्यांना खटकत होते. या दोघांनी गांधीजींकडे धाव घेतली, तेव्हा त्यांना आशीर्वादाआधी अट मिळाली : पाच वर्षे एकमेकांपासून दूर राहावे. त्या अवधीत दोघांनाही तुरुंगवास घडला. अखेर १९४५ साली सेवाग्राममध्ये त्यांचा विवाह झाला आणि लग्नानंतरही काही काळ संतती होऊ देऊ नये, असे बंधन त्यांनी पत्करले. घरच्यांचा विरोध पत्करून झालेला हा विवाह चोरून मात्र झाला नाही.

दुसरे उदाहरण आंध्रातील निरीश्वरवादी कार्यकर्ते गोरा यांच्या घरचे. त्यांची कन्या मनोरमा आणि हरिजन समाजातील अर्जुनराव यांचा विवाह सेवाग्राममध्ये व्हावा, अशी गांधीजींची इच्छा होती. येथेही सुमारे दोन वर्षे थांबणे आलेच. वधूपित्याचा ईश्वरावर विश्वास नाही हे जाणून विधीत ईश्वराऐवजी सत्याचे नाव घेण्यास गांधीजींनी संमती दिली. तो विवाह पाहण्यास ते स्वतः उरले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ठरल्याप्रमाणे तो विवाह सेवाग्रामच्या आश्रमात पार पडला.

कचेरी आणि आश्रम यांच्यातील साम्य आता सहज दिसेल. दोहोंनी पंगती आणि मानपान वगळले. परंतु थांबणे आणि साक्षीदार या दोन गोष्टी दोहोंनीही ठेवल्या. १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्याने धर्म नाकारण्याची अट उरलीसुरली तीही काढून टाकली. वधू अठरा व वर एकवीस वर्षांचा असावा, तीस दिवसांची सूचना द्यावी, तीन साक्षीदार आणावेत आणि अधिकाऱ्यासमक्ष आपल्याला समजणाऱ्या भाषेत परस्परांचा स्वीकार करावा, इतके त्याला पुरते. हवा असल्यास आपल्या आवडीचा विधीही करता येतो. आक्षेप घ्यावयाचा तर तो वय, पूर्वीचा हयात जोडीदार, मनाची अक्षमता किंवा निषिद्ध नाते अशा कारणांवरच घेता येतो. जात निराळी आहे, किंवा वडिलांना हे स्थळ पसंत नाही, ही कारणे कायद्याच्या पुस्तकात नाहीत.

तरीही एक पेच शिल्लक आहे. सूचना कचेरीत सर्वांना दिसेल अशी लावली जाते. ज्यांच्या घरी विरोध तीव्र आहे, त्यांना हे तीस दिवस धोक्याचे वाटतात. सेवाग्रामला थांबणाऱ्यांच्या पाठीशी गांधीजींसारखी व्यक्ती उभी होती. कचेरीच्या पायरीवर उभ्या असलेल्या दोन तरुण जीवांपाशी बहुधा केवळ तीन साक्षीदार असतात. ते तीन साक्षीदार मिळवून देणे कोणत्याही कायद्याच्या हाती नाही. ते काम मावशीचे, मामाचे, शेजाऱ्याचे आणि मित्रांचे आहे. आणि साध्या विवाहाला समाजाकडून खरोखर हवे असते ते एवढेच.