विद्यापीठांच्या तापन-यंत्रणांची बांधकाम कंत्राटे

विद्यापीठाच्या परिसरातील इमारतींना एकाच केंद्रातून उष्णता, वीज, पाणी इ. पुरविणाऱ्या यंत्रणांची उभारणी वा नूतनीकरण करण्यासाठी विद्यापीठ व कंत्राटदार यांच्यात होणारे करार आणि त्यांचे व्यवस्थापन. थंड हवामानाच्या देशांत, विशेषतः अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा येथे, अशा कंत्राटांना फार महत्त्व आहे. नव्या इमारतीचे काम लांबले, तर ती उशिरा वापरात येते, एवढेच. परंतु तापनाचे नळ बदलण्याचे काम लांबून हिवाळा सुरू झाला, तर वसतिगृहे, प्रयोगशाळा व ग्रंथालये एकाच वेळी अडचणीत येतात. त्यामुळे जुनी यंत्रणा चालू ठेवून तिच्या शेजारीच नवी उभारणे, ही या कंत्राटांची मूलभूत अट होय.

प्रारंभीचा काळ : बर्डसिल हॉली यांनी १८७७ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लॉकपोर्ट येथे एका केंद्रातून अनेक घरांना वाफेने उष्णता पुरविण्याची पद्धत यशस्वी करून दाखविली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक विद्यापीठांनी हीच पद्धत स्वीकारून मध्यवर्ती बाष्पित्रगृहे [→ बाष्पित्र], भूमिगत नळ व बोगदे बांधले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचा व्हँकूव्हरजवळचा पॉइंट ग्रे परिसर १९२५ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून तेथे वाफेचे तापन होते.

या काळातील रूढ पद्धत अशी, की विद्यापीठाने नेमलेल्या अभियंत्याने अभिकल्प व नकाशे तयार करावेत, निविदा मागवाव्यात, सर्वांत कमी रकमेचा देकार स्वीकारावा आणि पूर्ण झालेली यंत्रणा विद्यापीठाने स्वतः चालवावी. जमिनीवरील बाष्पित्रगृहाचे काम आधी नेमके मोजता येते. त्यामुळे त्यासाठी ठोक रकमेचे कंत्राट सोईचे असते. भूमिगत नळांचे तसे नाही. खोदताना नकाशात न दाखविलेले नळ, कठीण खडक, पाण्याचे झरे किंवा जुन्या नळांवरील ॲस्बेस्टसचे आवरण आढळते. हा धोका कंत्राटदारावर टाकला, तर तो देकाराची रक्कम वाढवितो. विद्यापीठाने पतकरला, तर अंतिम देयक वाढते. यावर तोडगा म्हणून खोदाईसाठी बाबवार दर ठरविणे, आधी चाचणी-खड्डे घेणे व अनपेक्षित स्थलपरिस्थितीबाबत स्वतंत्र कलम घालणे या प्रथा रूढ झाल्या. अमेरिकेच्या संघीय शासनाच्या कंत्राटांत असे कलम १९२०–३० या दशकात आले.

त्रयस्थ मालकीचा काळ : १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचा खर्च वाढला. अमेरिकेत १९७८ मध्ये झालेल्या कायद्याने, उष्णता व वीज यांची संयुक्त निर्मिती करणाऱ्या पात्र केंद्रांची वीज विकत घेणे वीजकंपन्यांवर बंधनकारक केले. परिणामी खाजगी कंपन्यांनी विद्यापीठाच्या आवारात स्वतःच्या भांडवलाने केंद्र बांधावे व विद्यापीठाने वाफ विकत घ्यावी, असे दीर्घ मुदतीचे करार होऊ लागले. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात उभे राहिलेले सु. ५० मेगॅवॉट क्षमतेचे कार्डिनल कोजनरेशन केंद्र याच प्रकारचे होते. येथे बांधकामाचा प्रश्न विद्यापीठाच्या हातून गेला, तरी कराराची मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न उरलाच.

स्टॅनफर्ड येथील स्थित्यंतर : या कराराची मुदत संपत आली, तेव्हा अनेक पर्यायांची तुलना करून विद्यापीठाने स्वतःच्या मालकीचे नवे केंद्र बांधण्याचे ठरविले. इमारती थंड करताना बाहेर पडणारी उष्णता परत मिळवून तीच तापनासाठी वापरावी, हे त्याचे तत्त्व होय. त्यासाठी वाफेऐवजी गरम पाणी वापरणे आवश्यक असल्याने ३० किमी.हून अधिक लांबीचे नवे नळ टाकावे लागले व सु. १५५ इमारतींतील जोडण्या बदलाव्या लागल्या. एकूण खर्च सु. ४८·५ कोटी डॉलर झाला. परिसराचे विभाग पाडून काम क्रमाक्रमाने करण्यात आले. एखाद्या विभागातील नळ व जोडण्या तयार झाल्या, की तेथे तात्पुरते उष्णता-विनिमयक बसवून जुन्या केंद्राच्या वाफेनेच पाणी तापविले जाई. त्यामुळे नवे केंद्र पूर्ण होण्यापूर्वीच विभागामागून विभाग नव्या यंत्रणेवर आणता आले. २०१५ मध्ये जुने केंद्र बंद झाले. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानेही २०११ ते २०१५ या काळात टप्प्याटप्प्याने वाफेऐवजी गरम पाण्याचे जाळे उभारले.

दीर्घ मुदतीचे सवलत करार : याउलट ओहायो राज्य विद्यापीठाने २०१७ मध्ये आपली ऊर्जा-यंत्रणा ५० वर्षांसाठी एका खाजगी समूहाकडे चालविण्यास दिली. आयोवा विद्यापीठाने २०२० मध्ये तशाच मुदतीचा करार करून सु. १·१६५ अब्ज डॉलर एकरकमी घेतले व त्याबदल्यात वार्षिक शुल्क देण्याचे मान्य केले. अशा करारांमुळे अध्यापन व संशोधनासाठी मोठी रक्कम लगेच उपलब्ध होते; मात्र ती अखेर पुढील पिढ्यांच्या वार्षिक देयकांतूनच फेडली जाते आणि पन्नास वर्षांत बदलणाऱ्या गरजांचा अंदाज आजच्या कलमांत बसवावा लागतो. शिवाय यंत्रणेची बारीकसारीक माहिती असणारा विद्यापीठाचा स्वतःचा तांत्रिक वर्ग ओसरला, तर कंत्राटदाराच्या कामाची पारख करणेही अवघड होते.

व्यवस्थापनाची सूत्रे : कंत्राट कोणत्याही प्रकारचे असले, तरी काही तरतुदी समान आढळतात. पुरवठा खंडित करण्याच्या वेळा सुट्ट्यांशी जुळवून आधीच ठरविल्या जातात. विलंबाबद्दल ठरावीक भरपाई असते. देयकाचा काही भाग दोषदुरुस्तीची मुदत संपेपर्यंत राखून ठेवला जातो. उन्हाळ्यात घेतलेली दाबचाचणी पुरेशी नसते. यंत्रणेची खरी परीक्षा पूर्ण भाराच्या वेळी होत असल्याने या मुदतीत निदान एक हिवाळा यावा, असे पाहणे हितावह असते. नळ प्रत्यक्षात कोठे व किती खोल टाकले, याचे नकाशे हस्तांतर केल्याशिवाय काम पूर्ण मानू नये, ही अटही तितकीच महत्त्वाची आहे.

या सव्वाशे वर्षांहून अधिक काळात कंत्राटांची रूपे पालटत गेली, तरी कोणत्याही कराराने धोका नाहीसा झाला नाही. तो एका पक्षाकडून दुसऱ्याकडे किंवा एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे गेला. खोली थंड पडली, तर विद्यार्थी कंत्राटदाराकडे नव्हे, तर विद्यापीठाकडेच दाद मागतो. म्हणून बांधकाम व संचालन दुसऱ्याकडे सोपविता आले, तरी उष्णता अखंड पुरविण्याची अंतिम जबाबदारी विद्यापीठाकडेच राहते.