हर्सूलची नहर आणि ‘बिगारी’ हा शब्द

दिल्ली दरवाज्यातून फुलंब्रीकडे जाणाऱ्या वाटेवर हर्सूल लागते. आज ते छत्रपती संभाजीनगरच्या महानगरपालिकेच्या हद्दीत मोडत असले, तरी शहराच्या इतिहासात त्याचे स्थान उपनगराचे नव्हे, उगमाचे आहे. मलिक अंबराने 1610 साली खडकी हे नगर वसविले. खडकाळ भूमीवरून पडलेले हे नाव फारसी लेखनात ‘खिरकी’ असे उतरले व खडकाची खिडकी झाली. भूमी मात्र खडकाचीच राहिली, आणि वाढत्या वस्तीला पाणी कोठून आणावे हा प्रश्न लवकरच उभा राहिला. त्याचे उत्तर हर्सूल-सावंगीच्या खोऱ्यात सापडले. तेथील मुरुमात झिरपलेले पाणी भूमिगत मार्गाने, केवळ उताराच्या बळावर, नगरात आणले गेले. तीच नहर-ए-अंबरी होय.

ही नहर 1617-18 च्या सुमारास झाली. मोगल सैन्याने 1616 मध्ये खडकी जाळली होती व 1621 मध्ये ती पुन्हा उद्ध्वस्त केली. या दोन आपत्तींच्या मधल्या उसंतीत एवढे काम पार पडले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घाईचा अर्थ कळतो. काम पंधरा महिन्यांत व अडीच लाख रुपयांत पुरे झाले, अशी परंपरा आहे. आकडे काटेकोर मानण्याचे कारण नाही. परंतु परंपरेने काय जपले, हे पाहण्यासारखे आहे. तिने कर्ता जपला, मुदत जपली, खर्चही जपला. जमिनीखाली उतरून काळा पाषाण फोडणारे, पाटीने माती वर ओढणारे, चुना मळणारे मात्र त्या कथेत नाहीत.

ते भाषेत आहेत. बांधकामावरील माणसांची मराठी नावे एकत्र ठेवली, तर त्यांतून श्रमाच्या अटींचा एक इतिहास वाचता येतो. ‘बेलदार’ म्हणजे फारसी ‘बेल’, अर्थात फावडे, बाळगणारा. येथे माणूस हत्यारावरून ओळखला गेला. ‘मिस्त्री’ हा पोर्तुगीज ‘मेस्त्र’पासून आलेला, त्यात कसबाचा मान आहे. ‘मुकादम’ मूळ अरबी, म्हणजे पुढे ठेवलेला. गाडीवडार, मातीवडार, पाथरवट ही नावे तर कामाचीच जातीत झालेली वाटणी होय. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत ती आजही आढळतात. ‘मजूर’ या शब्दाच्या मुळाशी फारसी ‘मुज्द’, म्हणजे वेतन, आहे. मजूर हा व्युत्पत्तीनेच वेतनाचा धनी ठरतो.

‘बिगारी’चे तसे नाही. फारसी ‘बेगार’ म्हणजे बळाने व विनामोबदला करून घेतलेले काम. ही प्रथा शब्दाबरोबर आली असे मानणे चुकीचे ठरेल. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘विष्टि’ आहे व मराठी ‘वेठ’ ही तिचीच वंशज. सत्ता बदलली, दप्तराची भाषा बदलली, आणि जुन्या वेठीला नवे फारसी नाव जोडून ‘वेठबिगार’ हा समास तयार झाला. एकाच अर्थाचे दोन शब्द असे जोडावे लागावेत, इतका तो अनुभव जनतेच्या अंगवळणी पडला असला पाहिजे.

पुढे शब्दाचा अर्थ पालटला. 1950 च्या राज्यघटनेने अनुच्छेद 23 अन्वये बेगार निषिद्ध ठरविली. 1976 च्या कायद्याने वेठबिगारीचे उच्चाटन केले. मधल्या काळात, 1972-73 च्या दुष्काळात, मराठवाड्यातील शेतकरी कुटुंबेही खडी फोडण्यास व पाझर तलाव खोदण्यास गेली; मे 1973 मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. त्याच दशकात सिडकोने नवे औरंगाबाद वसविण्यास आरंभ केला आणि पुढे चिकलठाण्यामागून वाळूजलाही औद्योगिक वसाहत उभी राहिली. खडकीनंतर साडेतीन शतकांनी या भूमीवर पुन्हा घाईने बांधकाम सुरू झाले. त्या कामांवर घमेले वाहणाऱ्या, रोज घेणाऱ्या माणसाला लोकभाषेने नाव दिले ते मात्र ‘बिगारी’! कायद्याने जी स्थिती नष्ट केली, तिचेच नाव धंद्याच्या वर्गवारीत स्थिरावले. गवंड्याचा रोज वेगळा, बिगाऱ्याचा वेगळा. ‘बाई बिगारी’चा त्याहून कमी.

हा निव्वळ अर्थविस्तार आहे, असे भाषाशास्त्रीयदृष्ट्या म्हणून थांबता येईल. पण शब्दाची जुनी छाया पुरती पुसली गेलेली नाही. मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेला बिगारी ती फिटेपर्यंत काम सोडू शकत नाही, तेव्हा रोज असूनही जुना अर्थ जागा होतो. 1996 च्या बांधकाम कामगारविषयक केंद्रीय कायद्याने नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याची अट घातली. आज हर्सूलच्या नव्या इमारतीवर, उद्या सावंगीच्या, परवा वाळूजच्या, अशा रीतीने ज्याचे दिवस विखुरलेले आहेत, त्याला हे 90 दिवस कोणाच्या सहीने सिद्ध करावयाचे? त्या कायद्याच्या भाषेत तो ‘इमारत व इतर बांधकाम कामगार’ आहे. मुकादमाच्या वहीत त्याच्या नावापुढे अजून ‘बिगारी’ असेच लिहिले जाते.