बकी बार्न्स : मेलेला साथीदार परत कसा आला?

कॉमिक्समध्ये मेलेले परत येतातच; पण बकी मात्र येणार नाही, असं वाचक वर्षानुवर्षं गृहीत धरून होते.

जो सायमन आणि जॅक कर्बी यांनी 1941 मध्ये 'कॅप्टन अमेरिका'सोबत हा पोरसवदा साथीदार आणला. 1964 मध्ये 'अ‍ॅव्हेंजर्स'च्या चौथ्या अंकात कॅप्टन बर्फातून जिवंत सापडला आणि तेव्हाच कळलं, की महायुद्धाच्या शेवटी विमानाच्या स्फोटात बकी गेला. स्टॅन ली यांना असे बालसाथीदार मुळात आवडत नसत. पण त्या मरणामुळेच कॅप्टनला कायमचा सल मिळाला. म्हणून बकीला परत आणणं धोक्याचं होतं : तो परतला, तर कॅप्टनचं दुःखच खोटं ठरणार.

लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार स्टीव्ह एप्टिंग यांनी 2005 मध्ये यातून वाट काढली. स्फोटात डावा हात गमावलेला बकी सोव्हिएत पाणबुडीला सापडला. त्याची स्मृती पुसली गेली, धातूचा हात बसवला आणि 'विंटर सोल्जर' हा मारेकरी तयार झाला. दोन कामगिऱ्यांच्या मधे त्याला गोठवून ठेवत. त्यामुळे वयाचा प्रश्नही सुटला. कॅप्टनचं दुःख हलकं झालं नाही, उलट वाढलं. मित्र जिवंत, पण हात रक्ताने माखलेले!

त्याच वर्षी बॅटमॅनचा दुसरा रॉबिन, जेसन टॉडही परतला. 1988 मध्ये वाचकांनी फोनवरून मतं देऊन त्याला मारलं होतं, अवघ्या 72 मतांच्या फरकाने. त्याच्या परतण्याचं कारण मात्र बकीइतकं पटत नाही.