केमोच्या खोलीतला गांजा

१९६७ साली हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. लेस्टर ग्रिन्स्पून यांनी एक काम अंगावर घेतलं. अमेरिकेतली तरुण पोरं सर्रास गांजा ओढू लागली होती. तो किती घातक आहे हे पुराव्यानिशी मांडावं आणि पोरांना भानावर आणावं, एवढाच डॉक्टरांचा हेतू होता. ते ग्रंथालयात जाऊन बसले, जुने-नवे निबंध वाचत गेले आणि वाचता वाचता त्यांचंच मत फिरलं. आपण ज्याला पुरावा समजत होतो त्यातली बरीचशी ऐकीव भीती आहे, असं त्यांना दिसू लागलं. १९७१ मध्ये त्यांचं ‘मॅरिव्हाना रीकन्सिडर्ड’ हे पुस्तक आलं. मूळ हेतूच्या नेमकं उलट बोलणारं हे पुस्तक चांगलंच गाजलं.

याच १९६७ मध्ये ग्रिन्स्पून यांच्या दहा वर्षांच्या मुलाला, डॅनीला, रक्ताचा कर्करोग असल्याचं निदान झालं होतं. म्हणजे एकाच घरात एकीकडे गांजावरचं पुस्तक लिहिलं जात होतं आणि दुसरीकडे मुलाची केमो चालू होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असू शकेल, हे मात्र खुद्द लेखकाच्या डोक्यात आलं नाही. आलं ते त्याच्या बायकोच्या, बेट्सीच्या.

पहिली काही वर्षं डॅनीने निमूटपणे सोसली. १९७१ पासून त्याला जी औषधं सुरू झाली ती जबर होती. उलटी थांबवायच्या तेव्हाच्या गोळ्यांनी काडीचा फरक पडत नसे. परतीच्या वाटेवर गाडीतच त्याला उलट्या सुरू होत. घरी आल्यावर खाटेशेजारी बादली ठेवून तो पडून राही, आणि पोटात काही उरलं नाही तरी कोरडे उमासे आठ-आठ तास चालत. कर्करोगाने माणूस जातो हे जगाला ठाऊक होतं, पण उपचाराच्या भीतीने माणसं उपचारच सोडून देतात, हे त्या काळात घरच्यांना आणि परिचारिकांनाच माहीत असे.

१९७२ च्या वसंतात ग्रिन्स्पून दाम्पत्य एका जेवणाला गेलं होतं. तिथे डॉ. एमिल फ्राय भेटले. फ्राय हे कर्करोगाच्या औषधोपचारातलं मोठं नाव, ह्यूस्टनहून नुकतेच बॉस्टनला आलेले. त्यांनी सहज एक किस्सा सांगितला. ह्यूस्टनला त्यांच्याकडे ल्युकेमियाचा एक तरुण रुग्ण होता. केमोच्या नावाने तो घाबरून जाई, आणि एके दिवशी एकदम शांत होऊन येऊ लागला. चौकशी केल्यावर कळलं, येण्याआधी तो गांजा ओढून येत होता.

घरी परतताना बेट्सीबाईंनी नवऱ्याला विचारलं, आपण डॅनीसाठी थोडा आणूया का? नवरा म्हणाला, नको. बेकायदा गोष्ट आहे, आणि डॅनीची इतकी काळजी घेणारे रुग्णालयातले लोक उगाच अडचणीत येतील. गांजा तितकासा वाईट नाही असं शेकडो पानं लिहून सिद्ध करणारा माणूस स्वतःच्या घरात कायद्याकडे बोट दाखवत होता. यात त्यांची थट्टा करण्याजोगं काही नाही. हार्वर्डच्या प्राध्यापकाला गमवायला बरंच काही होतं.

दोन आठवड्यांनी पुढच्या केमोच्या वेळी डॉक्टर दवाखान्यात पोहोचले तेव्हा मायलेक आधीच आलेले होते. एरवी केमोच्या आधी दोघं धास्तावलेली असत, बापावर चिडलेलीही असत. त्या दिवशी दोघं गालात हसत होती. मग उलगडा झाला. येताना बेट्सीबाईंनी वेलस्लीच्या शाळेजवळ गाडी थांबवली होती आणि डॅनीच्या एका मित्राला गांजा आणून द्यायला सांगितलं होतं. मित्राच्या आईने असं काही मागावं याचा धक्का ओसरल्यावर तो पोरगा धावत जाऊन घेऊन आला. मायलेकांनी दवाखान्याच्या पार्किंगमध्ये तो ओढला आणि मग ती आत गेली. त्या दिवशी डॅनीला उलटी झाली नाही. घरी जाताना तो म्हणाला, वाटेत थांबून सँडविच घेऊया.

दुसऱ्या दिवशी ग्रिन्स्पून यांनी डॅनीच्या डॉक्टरांना, नॉर्मन जॅफ यांना, फोन केला आणि सगळं सांगून टाकलं. बायकोला मी थांबवणार नाही, असंही सांगितलं. जॅफ रागावले नाहीत. उलट म्हणाले, पुढच्या वेळी पार्किंगमध्ये कशाला, माझ्यासमोर खोलीतच ओढू दे. डॅनी पुढे सुमारे वर्षभर जगला आणि १९७३ मध्ये गेला. त्या वर्षात त्याला केमोच्या नंतर घरच्यांबरोबर बसून जेवता आलं.

ही हकिकत फ्राय यांच्या कानावर गेली. त्यांनी स्टीफन सॅलन आणि नॉर्मन झिनबर्ग या सहकाऱ्यांबरोबर रीतसर चाचणी घेतली आणि १९७५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. रुग्ण फक्त २२ होते. त्यांना आळीपाळीने टीएचसीची, म्हणजे गांजातल्या मुख्य नशाद्रव्याची, गोळी आणि तशीच दिसणारी कोरी गोळी दिली. कोणती कधी दिली हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. टीएचसीच्या २० फेऱ्यांपैकी १४ फेऱ्यांत उलटीला उतार पडला. कोऱ्या गोळीच्या २२ फेऱ्यांपैकी एकाही फेरीत पडला नाही. रुग्णांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींमुळे हा प्रयोग केला, असं लेखकांनी सुरुवातीलाच प्रांजळपणे लिहिलं आहे.

वास्तविक यात नवं फारसं नव्हतं. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातले आयरिश डॉक्टर विल्यम ओशॉनेसी यांनी भारतीय वैद्य आणि हकिमांकडून शिकून गांजाचे प्रयोग केले होते. आधी जनावरांवर, मग धनुर्वात, संधिवात आणि पटकीच्या रुग्णांवर. (हाच गृहस्थ पुढे हिंदुस्थानात तारयंत्राचं जाळं उभारणारा.) त्यांनी गांजा विलायतेला नेला, त्याचा अर्क लंडनच्या औषधवाल्यांकडे विकला जाऊ लागला आणि १८५० मध्ये तो अमेरिकेच्या अधिकृत औषधकोशातही गेला. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने १,१९३ साक्षी घेऊन, बेताने घेतल्यास यापासून फारसा अपाय नाही, असा निर्वाळा सात खंडांत दिला होता. तरीही १९३७ मध्ये अमेरिकेने गांजावर जाचक कर बसवला. डॉक्टरांच्या संघटनेचे प्रतिनिधी विल्यम वुडवर्ड संसदेच्या समितीसमोर विरोध करून आले, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही. १९४२ पर्यंत गांजा औषधकोशातून बाहेर गेला, आणि १९७० च्या कायद्याने तर हेरॉइनच्या पंगतीत बसला. त्या यादीची अटच अशी होती की या पदार्थाला वैद्यकीय उपयोग नाही.

रुग्ण, त्यांच्या घरची माणसं आणि हा कायदा यांची गाठ नंतर वारंवार पडली. न्यू मेक्सिकोतला लिन पिअर्सन हा व्हिएतनाममध्ये लढून आलेला तरुण. त्याला वृषणाचा कर्करोग झाला आणि तो पसरला. गांजाने त्याला आराम पडत होता. आजारी शरीर ओढत तो राज्याच्या आमदारांना भेटत राहिला आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये कर्करोगाच्या रुग्णांना संशोधनाच्या नावाखाली का होईना, गांजा देण्याचा देशातला पहिला कायदा तिथे मंजूर झाला. मग वॉशिंग्टनकडे परवानग्यांचे कागद फिरत राहिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पिअर्सन वारला, सरकारी गांजाची एकही सिगरेट हाती न पडता. पुढच्या काही वर्षांत तीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. त्यातले बरेच कागदावरच राहिले. न्यू मेक्सिकोने मात्र सुमारे अडीचशे रुग्णांना लाभ दिला आणि २००७ च्या नव्या कायद्याच्या नावात लिनचं नाव ठेवलं.

१९८५ मध्ये सरकारने एक तोडगा काढला. झाड बेकायदाच, पण त्यातलं टीएचसी कारखान्यात बनवून तिळाच्या तेलात घालून दिलं तर औषध. मॅरिनॉल नावाच्या या कॅप्सूलला मंजुरी मिळाली. ज्याला पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही त्याने कॅप्सूल गिळायची आणि तासभर वाट पाहायची, यातली विसंगती कुठल्याही आईला कळली असती. धुराचा परिणाम काही मिनिटांत होतो, आणि किती झुरके पुरे हे रुग्णाला स्वतःला कळतं. कर्करोगतज्ज्ञांनाही हे माहीत होतं. १९९१ मध्ये छापलेल्या एका पाहणीत हजारावर डॉक्टरांनी उत्तरं दिली. त्यातल्या ४४ टक्क्यांनी निदान एका रुग्णाला तरी बेकायदा गांजाचा सल्ला दिल्याची कबुली दिली.

जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांना १९८२ मध्ये पोटाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग झाला. डोकं धुंद करणाऱ्या पदार्थांचा त्यांना तिटकारा होता. तरी उलट्यांपुढे त्यांनी हात टेकले आणि गांजा घेतला, आणि तो अनुभव ग्रिन्स्पून यांच्याच नंतरच्या एका पुस्तकासाठी लिहून दिला. लेखक पीटर मॅकविल्यम्स यांचं नशीब तसं नव्हतं. त्यांना एड्सही होता आणि लिम्फोमा हा कर्करोगही. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९९६ मध्ये औषधी गांजाला परवानगी दिली होती, पण केंद्राचा कायदा वेगळा. केंद्राच्या खटल्यात जामिनावर असताना गांजा घ्यायची मनाई होती, त्यासाठी लघवीची तपासणी होई. जून २००० मध्ये राहत्या घरी उलटी घशात अडकून त्यांचा मृत्यू झाला.

गांजाने उलटी का थांबते, याचं उत्तर इस्राएलमधून आलं. रॅफाएल मेशुलम यांनी १९६४ मध्ये टीएचसी वेगळं काढलं. त्यासाठी लागणारं पाच किलो चरस त्यांनी पोलिसांकडूनच मिळवलं आणि बसने नेलं. सहप्रवासी म्हणे वास कसला याची चर्चा करत होते. पुढे मेंदूत या द्रव्याला दाद देणारी ग्राहकस्थानं सापडली, आणि १९९२ मध्ये मेंदू स्वतःच तयार करतो असा त्या जातीचा पदार्थही. त्याचं नाव संस्कृत ‘आनंद’वरून आनंदमाइड ठेवण्यात आलं. जेरुसलेमच्या बालरोगतज्ज्ञ आया आब्राहामोव्ह यांच्याबरोबर मेशुलम यांनी केमो घेणाऱ्या आठ मुलांना टीएचसीचा एक सौम्य भाऊबंद तेलाच्या थेंबांतून दिला. निम्म्या मुलांना कोरं तेल द्यायचा बेत होता. परिणाम इतका उघड दिसला की डॉक्टरीणबाईंनी त्याला चक्क नकार दिला. ४८० वेळा औषध दिलं गेलं, उलट्या थांबल्या. शास्त्राच्या कसोटीवर हा अभ्यास तोकडा आहे, पण त्या आठ घरांत कुणी कसोटी मागितली नसणार.

गांजाच्या भक्तांनी मात्र इथे थोडं थांबावं. त्याने कर्करोग बरा होतो याला माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नाही. उलटीच्या बाबतीतही १९९१ मध्ये अमेरिकेत आलेल्या ओन्डान्सेट्रॉन या औषधाने चित्रच पालटलं. डॅनीला ते मिळालं असतं तर शाळेजवळ गाडी थांबवायची वेळ कदाचित आली नसती. वर्षानुवर्षं भरमसाट गांजा ओढणाऱ्यांना त्यानेच न थांबणाऱ्या उलट्या होतात, हेही आता नोंदलेलं आहे. आधुनिक गोळ्यांनीही ज्यांना उतार पडत नाही अशांवर ऑस्ट्रेलियात गांजाच्या अर्काची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. पूर्ण आराम मिळालेले १४ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेले. गुंगी, चक्कर असे त्रास बऱ्याच जणांना झाले. तरी ८३ टक्के रुग्णांनी कोऱ्या गोळीपेक्षा गांजाचीच बाजू घेतली.

आपल्याकडे १९८५ हेच साल वेगळ्या कारणाने महत्त्वाचं. अमेरिका मॅरिनॉलला मंजुरी देत होती त्याच वर्षी भारतात अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला. गांजा आणि चरस गुन्ह्यात गेले, पान आणि बी सुटलं, म्हणून महाशिवरात्रीची भांग वाचली. विजया या नावाने भांगेच्या पानांची आयुर्वेदिक औषधं वैद्याच्या देखरेखीखाली आजही देता येतात, आणि डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला अतिकडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. पण कर्करोगाच्या भारतीय रुग्णांच्या घरांना एनडीपीएस कायद्याची खरी झळ लागली ती अफूपासून बनणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकाच्या बाबतीत. परवान्यांच्या जाचाला कंटाळून रुग्णालयांनी आणि औषधवाल्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, आणि अफू पिकवून जगाला पुरवणाऱ्या देशात त्याचा वैद्यकीय वापर झपाट्याने घसरला. केरळमधल्या डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, आणि अनेक परवान्यांच्या जागी मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला एकाच मान्यतेवर मॉर्फिन ठेवण्याची सोय झाली.