दुखणे इंजिनाचे की निरोप्याचे?

रस्त्याच्या किंवा धरणाच्या कामावर खोदणाऱ्या ज्या यंत्राला आपण सरसकट ‘पोकलेन’ म्हणतो (नाव खरे तर एका फ्रेंच कंपनीचे), त्याच्या केबिनमध्ये आता एक छोटा पडदा असतो. काम चालू असताना त्यावर कधीतरी ‘११०-३’ असे आकडे उमटतात. ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान, एवढे मेकॅनिकला पाठ असते. तो तापमानाचा सेन्सर बदलतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच आकडे. नवा सेन्सरही खराब निघाला असे समजून तो तिसरा मागवतो, आणि यंत्र उभेच राहते. त्याचे लक्ष ११० वर असते; खरी बातमी मात्र पुढच्या ३ मध्ये असते. हा ३ आला कुठून?

गोष्टीची सुरुवात खोदकामापासून फार दूर, लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेत होते. मोटारींच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन डोळे चुरचुरवणारे ते धुरके बनते, हे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. पुढे १९७० च्या अमेरिकन कायद्याने मोटारींच्या धुरावर कडक मर्यादा घातल्या. त्या पाळायच्या तर इंधन अगदी मोजून द्यायला हवे. ते काम संगणकाकडे गेले, आणि संगणकाला इंजिनाची खबर देण्यासाठी सेन्सर आले.

जनरल मोटर्सच्या १९८१ च्या मोटारींत मेकॅनिकने डॅशबोर्डखालील दोन टोके तारेने जोडली, की ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकून आकडे सांगत असे. एकदा चमकून थांबला आणि मग दोनदा चमकला, की १२. इंजिन बंद असताना हा १२ आधी यायचा. तपासणीची यंत्रणा शाबूत आहे, याची ती खूण! तक्रारींचे कोड त्यानंतर. त्यांतले १४ आणि १५ हे दोन्ही पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरचे होते. एकाच सेन्सरला दोन आकडे कशासाठी?

तापमान वाढले की काही पदार्थांचा विद्युत रोध कमी होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडच्या बाबतीत नोंदवले होते. धातूंचे वागणे याच्या नेमके उलट. इंजिनातला तापमानाचा सेन्सर फॅरडेंच्या त्या पदार्थासारखाच वागतो. संगणक त्याला एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट पुरवतो आणि सेन्सरच्या दोन टोकांमधला विद्युतदाब मोजतो. इंजिन गार असेल तर दाब जास्त, तापले की कमी. आता तार तुटली तर? प्रवाहच थांबतो आणि संगणकाला जवळजवळ पूर्ण ५ व्होल्ट दिसतात, म्हणजे अशक्य इतकी थंडी. तारेची साल निघून ती लोखंडी सांगाड्याला टेकली, तर दाब शून्यावर येतो, म्हणजे अशक्य इतकी उष्णता. त्या मोटारींतला १५ पहिल्या प्रकारचा, १४ दुसऱ्या प्रकारचा. संगणकाला तापमान दिसतच नाही. दिसतो तो फक्त दाब.

दाब मोजणाऱ्या सेन्सरमध्ये याच विचाराची एक सुंदर युक्ती वापरतात. ऑइलचा दाब शून्य असतानाही अशा सेन्सरकडून साधारण अर्धा व्होल्ट येईल अशी रचना असते. शून्य व्होल्ट आले, की ती ऑइलबद्दलची बातमी नव्हे, निरोप्याच गेला.

डिझेल इंजिने या भानगडीपासून बराच काळ दूर राहिली, कारण त्यांचा इंधनपंप पूर्णपणे यांत्रिक होता. १९८५ मध्ये डेट्रॉइट डिझेलने मोठ्या इंजिनांसाठी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आणले. १९८६ मध्ये बॉशने ‘कॅन’ पद्धत मांडली. तिच्यामुळे अनेक संगणकांना तारांच्या एकाच जोडीवरून बोलता येऊ लागले. तिच्या आधारावर अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संस्थेने १९९० च्या दशकात अवजड वाहनांसाठी ‘जे-१९३९’ हे मानक तयार केले. त्यात कोडचे दोन भाग असतात. पहिला सांगतो ‘कशाबद्दल’, दुसरा (० ते ३१) सांगतो ‘काय बिघडले’. १९९६ पासून अमेरिकेत बांधकाम यंत्रांच्या डिझेल इंजिनांनाही धुराचे नियम टप्प्याटप्प्याने लागू झाले. ते कडक होत गेले तसे संगणक, सेन्सर आणि कोड पोकलेनमध्येही शिरले.

या दुसऱ्या भागातला ० म्हणजे मोजमाप विश्वसनीय, पण धोकादायक इतके जास्त. १ म्हणजे धोकादायक इतके कमी. ३ म्हणजे विद्युतदाब प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. तेव्हा ‘११०-०’ म्हणजे इंजिन खरोखरच तापले आहे, तर ‘११०-३’ मध्ये इंजिनाबद्दल काहीच सांगितलेले नाही. उलटी चूक अधिक महागात पडते. १०० म्हणजे ऑइलचा दाब. ‘१००-१’ दिसूनही ‘सेन्सर गेला असेल’ असे म्हणून यंत्र चालवत राहिले, तर बेअरिंग जळतात.

पोकलेनमध्ये ३ आणि ४ यांचे पीक जास्त येते, याचे आम्हाला नवल वाटत नाही. सततची थरथर, चिखल, धुताना सॉकेटमध्ये शिरणारे पाणी, सांगाड्याला घासणाऱ्या तारा! त्यात अनेक सेन्सरना ५ व्होल्टचा पुरवठा एकाच ठिकाणाहून होतो. एकाच्या तारेत तो पुरवठा सांगाड्याला टेकला, की सगळ्यांचा दाब कोसळतो आणि चार धडधाकट सेन्सरांचे कोड एकदम येतात. अशा वेळी एकेक सॉकेट काढत जायचे. ज्याचे काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, त्या फांदीवर दोष.

आणि आपला ‘११०-३’? सेन्सरचे सॉकेट काढून त्याची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडायची. कोड ३ चा ४ झाला, तर तारा आणि संगणक ठीक आहेत, सेन्सर बदला. ३ तसाच राहिला, तर तार कुठेतरी तुटली आहे, आणि कितीही नवे सेन्सर आणले तरी व्यर्थ.

हे वर्गातही करून पाहता येते. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून १० किलोओहमचा थर्मिस्टर आणि तेवढाच रोध आणून, तीन सेलच्या साडेचार व्होल्टवर एकसरीत जोडा आणि मल्टिमीटर थर्मिस्टरच्या दोन टोकांना लावा. २५ अंशांना सुमारे सव्वादोन व्होल्ट दिसतील, ६० अंशांच्या पाण्यात एक व्होल्टच्या आसपास. (टोकांना पाणी लागू देऊ नका.) मग मुलांना पाठमोरे बसवून थर्मिस्टरची एक तार हळूच सोडा आणि त्यांना फक्त मल्टिमीटरचा आकडा वाचून दाखवा.